नोकरीला लागलास ना, मग ‘द इन्सायडर’ असा बघ
मायकेल मानच्या या १९९९ च्या सिनेमात सगळे अल पचिनोकडे बघतात. तू रसेल क्रोकडे बघ, आणि त्याच्या कागदपत्रांकडे. तो झालाय तंबाखू कंपनीने काढून टाकलेला शास्त्रज्ञ जेफ्री वायगंड: गुप्ततेच्या करारावर सही केलेली, मुलीला दमा, औषधपाणी कंपनीच्या विम्यावर. तोंड उघडलं की सगळंच धोक्यात! प्रत्यक्षातही १९९५ साली सीबीएस या अमेरिकन टीव्ही वाहिनीने खटल्याच्या धास्तीने त्याची मुलाखत रोखून धरली होती. म्हणून ऑफर लेटर नीट वाच, गुप्ततेचं कलम कुठवर जातं ते विचार. शेअर बाजारात नोंदलेली कंपनी असेल तर २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार तक्रारीची अंतर्गत यंत्रणा असावीच लागते. ती कोणाच्या हाती आहे, हे गरज पडण्याआधीच माहीत करून घे.