वाचकांचे प्रश्न : अक्षरं अडतात, तेव्हा नोट्स कशा घ्यायच्या?

प्रश्न : मुलगा आठवीत आहे, डिस्लेक्सियाचं (बुद्धी चांगली असूनही वाचण्या-लिहिण्यात येणाऱ्या अडचणीचं) निदान झालंय. तोंडी विचारलं की सगळं सांगतो, वही मात्र अर्धी कोरी. शाळेतले तास मोबाईलवर रेकॉर्ड केले तर?
– एक आई, उदगीर

उत्तर : करा, पण नुसत्या रेकॉर्डिंगनं भागत नाही. दिवसभराचे तास घरी पुन्हा कोण ऐकणार? आठवड्यात फाइलींचा ढीग होतो आणि एकही उघडली जात नाही. म्हणून वहीची जोड हवी. रेकॉर्डिंग सुरू केल्याची वेळ पानावर सगळ्यात वर लिहायची, समजा ११:२०. पुढे वाक्यं उतरवायचीच नाहीत. मुद्दा बदलला की समासात वेळ आणि शेजारी एक शब्द किंवा चित्र : ‘११:३२ बाष्पीभवन’. घरी फाइल थेट १२व्या मिनिटावर न्यायची, दोन मिनिटं ऐकायची, तेवढ्याच भागाच्या नोट्स करायच्या.

घड्याळ डिजिटल घ्या आणि आकडे दिसतात तसेच लिहू द्या. देवनागरीतल्या ३ आणि ६ मध्ये काही मुलांची गल्लत होते. फोन पहिल्या बाकावर, घडी घातलेल्या रुमालावर ठेवा, नाहीतर बाकाचे दणके आवाजापेक्षा मोठे येतात. फ्लाइट मोड लावायला विसरू नका. मध्येच कॉल आला तर बऱ्याच फोनमध्ये रेकॉर्डिंग थांबतं आणि ते कळतं घरी आल्यावर. रेकॉर्डिंगचा दर्जा १२८ केबीपीएस ठेवला तर मिनिटाला साधारण १ एमबी जागा लागते, म्हणजे ३५ मिनिटांच्या तासाला ३५ एमबी.

मुख्याध्यापकांची परवानगी लेखी घ्या, सोबत निदानाच्या प्रमाणपत्राची प्रत जोडा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ येते आणि डिस्लेक्सिया त्यातच मोडतो, हे अर्जात लिहा. सरांना न सांगता रेकॉर्डिंग नको.

प्रश्न : बोलून टाइप करायला गेले की फोन भलतंच लिहितो. चुका वाचून सापडतही नाहीत.
– एक विद्यार्थिनी, परभणी

उत्तर : दोन कारणं असू शकतात. वर्गातला दुरून येणारा आवाज थेट टाइप होईल ही अपेक्षा सोडा. पंखा आणि कुजबुज यांत शब्द हरवतात. दुसरं, आपली ‘करायलेत’, ‘जायलाव’ ही बोली फोनला झेपत नाही. त्यामुळे आधी तासाच्या रेकॉर्डिंगचा भाग ऐका, मग फोन तोंडाजवळ धरून स्वतःच्या शब्दांत, पुस्तकी मराठीत, एका वेळी ८–१० शब्दांचं वाक्य बोला. जीबोर्डच्या (गूगलच्या कीबोर्डच्या) सेटिंगमध्ये मराठी भाषा जोडलेली आहे ना, तेवढं बघा. वाक्य संपलं की एंटर हातानं दाबा, नाहीतर सगळा मजकूर सलग एकच होतो.

चुका डोळ्यांनी शोधूच नका, कानांनी शोधा. अँड्रॉइडच्या ॲक्सेसिबिलिटीत ‘सिलेक्ट टू स्पीक’ सुरू करा आणि मजकूर वाचून घ्या. गळलेला शब्द लगेच खटकतो. ‘दिन’ आणि ‘दीन’ कानाला सारखेच, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ निसटणार. स्वतःच्या नोट्समध्ये निसटू द्या. निबंध किंवा प्रकल्प असेल तेव्हा मैत्रिणीला दाखवा.

प्रश्न : डिस्लेक्सियासाठीचा खास फॉन्ट घ्यावा का?
– एक शिक्षक, अंबाजोगाई

उत्तर : त्यावर पैसे घालवू नका. नेहमीचा मराठी युनिकोड फॉन्ट १६–१८ आकारात, ओळींत दीडपट अंतर, मजकूर डावीकडून, उजवी कड मोकळी. कड जुळवायला गेलं की शब्दांमधलं अंतर कमीजास्त होतं आणि ओळ सुटते. फळ्याचा फोटो मात्र पुसण्याआधी काढू द्या, खिडकीची चकाकी टाळून.