ल्योंमध्ये बाहेर जेवणं: वेळा, दुपारचा मेन्यू, बिनमांसाचं काय मिळतं आणि बिल

फ्रान्समधल्या ल्यों शहरात राहणाऱ्या तुम्हा दोघांच्या तक्रारी तीन आहेत. शनिवारी दुपारी तीनला ओळीने सगळीकडून परत फिरावं लागलं, वेटर ढुंकूनही बघत नाहीत, आणि एकजण अंडंही न खाणारा शाकाहारी व दुसऱ्याला चिकन-मासे चालतात पण बीफ-पोर्क नको, तर ल्योंमध्ये खायचं काय. शिवाय महिन्याभरात पुण्याहून आईवडील येणार. या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. इथलं साधं रेस्टॉरंट फार कमी माणसांवर चालतं. आत एक-दोन स्वयंपाकी, बाहेर एक-दोन वाढणारे, आणि सकाळी जेवढी तयारी केली तेवढंच जेवण. आपल्याकडच्यासारखी हाताखाली पोऱ्यांची फौज नसते. हे धरून चाललं की बाकीच्या गोष्टींचा उलगडा होतो.

दुपारचं जेवण बारा ते दोन, रात्रीचं सात किंवा साडेसातपासून. पण दारावर १४ वाजेपर्यंत लिहिलंय म्हणजे पावणेदोनला गेलात तर चालेल असं नाही, शेफचा हात त्याआधीच थांबलेला असतो. दुपारी साडेबारा आणि रात्री आठ या वेळा धरा. रात्री साडेनऊनंतर नवीन गिऱ्हाईक घेतीलच याची खात्री नाही. तीन ते सहा या वेळात भूक लागली तर ज्या पाटीवर ‘सेर्विस कोंतिन्यू’ (मध्ये न थांबता जेवण) लिहिलंय अशी ब्रासरी (मोठं, साधं रेस्टॉरंट), क्रेपरी (धिरड्यासारख्या क्रेपचं ठिकाण), लेबनीज किंवा बेकरी. रविवार-सोमवार बरीच ठिकाणं बंद असतात, आणि ऑगस्टमध्ये मालक दोन-तीन आठवडे कुलूप लावून सुट्टीवर जातात. फोनवरच्या नकाशात ‘उघडं’ दिसतंय यावर ऑगस्टमध्ये विसंबू नका, सरळ फोन करा. रविवारी रात्री मोठी माणसं बरोबर असतील तर पेराश स्टेशनजवळची ब्रासरी जॉर्ज हा सोपा मार्ग. १८३६ पासूनची, दालन अवाढव्य, आणि मोठ्या घोळक्याची तिथे अडचण होत नाही.

बुकिंग करायलाच हवं, दोघांसाठीसुद्धा. आतली चार टेबलं रिकामी दिसतात आणि तरी ‘कोंप्ले’ (जागा नाही) म्हणून परत पाठवतात, याचा राग येतो हे खरं. पण ती टेबलं आठला येणाऱ्यांची असतात, आणि रात्रीतून एक टेबल बहुतेक ठिकाणी एकदाच लागतं. म्हणूनच आठचं बुकिंग म्हणजे आठ. उशीर होणार असेल तर फोन करून सांगायचं, नाहीतर पंधरा-वीस मिनिटांत टेबल गेलं समजा. बऱ्या ठिकाणी ऑनलाइन बुकिंगला कार्डाचा नंबर मागतात. न सांगता गेला नाहीत तर माणशी ठरलेली रक्कम कापतात, तेव्हा ती अट आधी वाचा.

आता पैशाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: दुपारचा ‘फॉर्म्युल’. सोमवार ते शुक्रवार दुपारी आंत्रे आणि प्ला, किंवा प्ला आणि देसेर, असं साधारण सोळा ते बावीस युरोत मिळतं. आंत्रे म्हणजे इथे सुरुवातीची छोटी डिश, मुख्य जेवण ते प्ला, आणि शेवटचं गोड ते देसेर. तेच स्वयंपाकघर रात्री याच्या दीडपट-दुप्पट घेतं. स्वस्त पडतं कारण दुपारी फळ्यावर दोन-दोनच पदार्थ असतात आणि ते सकाळीच शिजलेले असतात. आणि नेमकं इथेच आपल्या लोकांचं बिनसतं. ‘यातलं मांस काढून द्या’ हे दुपारी एक वाजता सांगून उपयोग नसतो, कारण रस्सा मांसाबरोबरच शिजलेला असतो. वेटर मानेने ‘नाही’ म्हणतो तो आखडूपणाने नव्हे. त्यापेक्षा सकाळी साडेदहा-अकराला फोन करून विचारा, की मांस-मासे न घालता एक प्ला होईल का. त्या वेळी भाज्या अजून चिरायच्या असतात आणि उत्तर बरेचदा ‘हो’ येतं. बारानंतर फोन करू नका, उचलणारा माणूस तेव्हा चार ताटं हातात घेऊन उभा असतो.

कंपनीचं जेवणाचं कार्ड असेल तर त्यावर दिवसाला २५ युरोची मर्यादा असते. वरचे पैसे आपल्या बँक कार्डाने भरता येतात, दोन भागांत पैसे घेणं इथे रोजचंच आहे. शनिवार-रविवारी आपलं कार्ड चालतं का ते एकदा ऑफिसात विचारून ठेवा.

ल्योंची ओळख म्हणजे बुशों, इथली पारंपरिक छोटी खानावळ. लाल-पांढऱ्या चौकटींचं टेबलक्लॉथ, खेटून मांडलेली टेबलं, आणि जाड बुडाच्या ४६ सेंटिलिटरच्या बाटलीत, म्हणजे ‘पो’मध्ये, बोजोले किंवा कोत द्यु रोनची वाइन. हे खाणं क्रुआ-रूसच्या टेकडीवरच्या रेशीम विणकरांचं, मग श्रीमंतांच्या घरच्या स्वयंपाकिणींनी स्वतःची खानावळ काढून ते नावारूपाला आणलं. त्यांच्यातली युजेनी ब्राझिये हिच्या दोन रेस्टॉरंटांना १९३३ साली मिशेलिनचे प्रत्येकी तीन तारे मिळाले होते, आणि पुढे जगप्रसिद्ध झालेला शेफ पॉल बोक्यूज तिच्याच हाताखाली शिकला. पण मूळ खाणं गरिबांचं, त्यामुळे मेन्यूवर वजडी, खूर, मुंडी, आतडी यांचं राज्य. ताब्लिये द साप्यर म्हणजे बैलाच्या पोटाचा तुकडा वाइनमध्ये मुरवून, ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून तळलेला. आंदुयेत म्हणजे आतड्यांचं सॉसेज, आणि त्याचा वास टेबलाच्या पलीकडूनही येतो. ड्रिंकबरोबर कुरकुरीत, तपकिरी तुकड्यांची वाटी आपणहून ठेवतात, ती फुकट असते म्हणून लगेच हात घालू नका. ते ग्रातों, डुकराची तळलेली चरबी. आपल्याला सवयीने शेव-चिवड्यासारखं वाटतं.

पूर्ण शाकाहारी माणसाला न कळवता रात्री बुशोंमध्ये नेणं म्हणजे त्याची उपासमार. माझ्या मते न्यायचंच नाही, हौस असेल तर चिकन-मासे खाणाऱ्याने दुपारी जाऊन यावं. त्याच्यासाठी कनेल द ब्रोशे आहे. गोड्या पाण्यातला पाईक मासा, अंडी, लोणी आणि मैदा किंवा रवा एकत्र करून केलेला लांबट गोळा, ओव्हनमध्ये फुगून दुप्पट झालेला. वरचा नांतुआ सॉस झिंग्यासारख्या गोड्या पाण्यातल्या क्रेफिशचा असतो, म्हणजे कवचाच्या माशांची ॲलर्जी असणाऱ्याने जपून. दुसरं, व्हिनेगरमधलं चिकन. ही चांगली डिश आहे, पण तिच्यातही ‘फों द व्हो’, म्हणजे वासराच्या हाडांचा अर्क, पडलेला असू शकतो. बीफ टाळणारे नेमके इथेच फसतात, कारण मेन्यूवर बीफ कुठे लिहिलेलंच नसतं. सॉस कुठल्याही मांसावरचा असो, हा एक प्रश्न विचारायचाच. पोर्कसाठी दुसरा शब्द लक्षात ठेवा, लार्दों. डुकराच्या मांसाचे हे बारीक तुकडे ल्योंच्या प्रसिद्ध सॅलडमध्ये असतात, मसुरात असतात, किशमध्ये असतात, आणि ‘साधी हिरवी भाजी’ मागवली तर तिच्यातही सापडतात.

बुशोंची निवड करताना जुन्या शहरातल्या सें-झां रस्त्यावर आणि र्यू मेर्स्येरवर फोटोवाले मेन्यू चार भाषांत लावलेली ठिकाणं टाळा. २०१२ पासून ‘ले बुशों ल्योने’ हे लेबल तपासणी करून दिलं जातं, दारावर ती पाटी बघा. फळ्यावर खडूने लिहिलेले पाच-सहा पदार्थ हेही चांगलं लक्षण. चाळीस पदार्थांचा मेन्यू असेल तर बराचसा माल फ्रीझरमधून येतो असं समजा. तव्यावर घराचं छप्पर असं छोटं चिन्ह पदार्थापुढे असेल तर तो ‘फे मेझों’, तिथेच कच्च्या मालापासून केलेला.

शाकाहाराबद्दल बोलताना ‘व्हेजेतारियां’ एवढाच शब्द पुरत नाही. काही जणांच्या हिशेबात त्यात मासे बसतात, आणि अंडं तर सगळ्यांच्याच हिशेबात बसतं. ‘ज न मांज नी व्यांद नी प्वासों’ असं वाक्य बोला, म्हणजे मांसही नाही आणि मासेही नाहीत. मग ‘सां बुयों द व्यांद’ जोडा, मांसाचं पाणी नको. कांद्याचं सूप इथे बहुतेक वेळा बीफच्या पाण्यात असतं. अंड्यासाठी ‘सांझफ’. उच्चाराची खात्री नसेल तर हे सगळं फोनवर फ्रेंचमध्ये लिहून ठेवा आणि ऑर्डरच्या आधी दाखवा, ऑर्डर दिल्यावर नाही. ॲलर्जी नसताना ॲलर्जी आहे असं मात्र सांगू नका. ॲलर्जी म्हटलं की भांडी, तेल, चमचे सगळं बदलावं लागतं, आणि मग धोका नको म्हणून ते सरळ नकारच देतात. चौदा ॲलर्जन्सची लेखी माहिती ठेवणं रेस्टॉरंटला कायद्याने बंधनकारक आहे, अंडं त्यात येतं. ती यादी मागा, वाद घालण्यापेक्षा हे सोपं.

अंडं चालत असेल तर सगळ्यात सोयीची डिश राव्हिओल द्यु दोफिने. नखाएवढे मैद्याचे खिसे, आत चीज, फ्रोमाज ब्लां (दह्यासारखं मऊ, ताजं चीज) आणि पार्सली, वर क्रीम घालून ओव्हनमध्ये भाजलेले. पिठात अंडं असतं, आणि वर सामन मासा किंवा लार्दों घातलेत का ते बघायचं. अंडं नको असेल तर ग्रातें दोफिन्वा, म्हणजे दूध-क्रीम-लसणातले बटाट्याचे काप. ते साइड डिश म्हणून असतं, पण मोठा वाडगा द्याल का विचारलं तर देतात. मात्र काही घरांत त्यात अंडं फोडतात, तेव्हा विचाराच. सेर्वेल द कान्यू म्हणजे फ्रोमाज ब्लांमध्ये शॅलट, चाइव्ह्ज, लसूण, व्हिनेगर, ऑलिव्ह तेल. जवळपास चक्का फोडणी न देता कालवल्यासारखा, आणि उकडलेल्या बटाट्याबरोबर पोटभर होतो. फोनवरचं भाषांतर त्याला मेंदू म्हणेल, घाबरू नका. चीजच्या बाबतीत एकच: पारंपरिक फ्रेंच चीज रेनेटने, म्हणजे वासराच्या पोटातून काढलेल्या विरजणाने, विरजतं, इथलं सें-मार्सेलें चीजसुद्धा. जे कडक पाळतात त्यांनी साधं फ्रोमाज ब्लांही विचारूनच घ्यावं. गोडात क्रेम ब्रूले, मूस, बहुतेक टार्ट, सगळ्यात अंडं. सॉर्बे आणि फळं राहतात. अंडं पूर्ण वर्ज्य असेल तर व्हेगन रेस्टॉरंट हा खरा उपाय. क्रुआ-रूसच्या उतारावर आणि गियोत्येरच्या आसपास ती सापडतात, आणि तिथे प्रश्नोत्तरं न करता केकही खाता येतो.

आईवडिलांसाठी मी गियोत्येर हा भागच सुचवेन. मेट्रो डी, उतरलं की लेबनीज, मगरेबी (उत्तर आफ्रिकेतलं), चिनी, व्हिएतनामी, आफ्रिकी सगळं शेजारी-शेजारी. लेबनीज मेझेत हमूस, मूतब्बल, फलाफेल, ताबुले घेतलं की अंडं-मांसाची चिंता न करता चौघांचं टेबल भरतं. कुसकुसच्या ठिकाणी मात्र ‘भाज्यांचं कुसकुस’ फसवं असतं. भाज्या आणि मांस बऱ्याच वेळा एकाच हंड्यात उकळतात, आणि मांसाचे तुकडे फक्त वाढताना बाजूला ठेवतात. तिखट हवं असेल तर हारिसा मागा, लोणच्याची बाटली पिशवीतच राहू द्या. भारतीय रेस्टॉरंटांकडून फार अपेक्षा ठेवू नका. फ्रेंच जिभेसाठी सगळं गोडसर-क्रीमी असतं आणि मेन्यूचा राजा चीज भरलेला नान. पण ऑर्डर देताना ‘आमच्या घरासारखं तिखट करा’ हे हिंदीत सांगितलं तर डाळ तरी ठीक येते.

वेटरचं बघू. आत शिरताच ‘बोंझूर’, मग उभं राहायचं, टेबल तो दाखवतो. आपणहून जाऊन बसलात की पुढची वीस मिनिटं तुम्ही अदृश्य. मेन्यू मिटून टेबलावर ठेवला की ‘ठरलं’ असा अर्थ होतो, उघडा धरून बसलात तर तो येणारच नाही. पाणी फुकट मिळतं, ‘कराफ दो’ म्हणायचं. नुसतं ‘ओ’ म्हटलं तर बाटली येईल आणि बिलात पाच-सहा युरो चढतील. ब्रेडही फुकट. वन बाय टू इथे चालत नाही, दोघांत एक प्ला मागवलात तर टेबलाचा हिशेबच बिघडतो. त्यापेक्षा दोघांनी एकेक प्ला घेऊन आंत्रे वाटून घ्या. उरलं तर डबा मागायला लाजू नका, जुलै २०२१ पासून तो देणं त्यांना बंधनकारक आहे. कॉफी देसेरनंतर येते, बरोबर हवी असेल तर तसं सांगा.

बिल मागितल्याशिवाय कधीच येत नाही, कारण आणून ठेवणं म्हणजे ‘उठा आता’. ‘लादिस्यों, सिल व्हू प्ले’. सर्व्हिस आणि कर किमतीतच धरलेले असतात. टिप म्हणून दोन-तीन नाणी किंवा खूश असाल तर पाच टक्के, त्यापेक्षा जास्त कोणी धरत नाही. मशीनवर टिपचे आकडे दिसले तर ‘सां’ (टिपशिवाय) असलेलं बटण दाबा, कोणाला काही वाटत नाही.

आणखी दोन आठवडे टाळायचे. विषम सालांतल्या जानेवारीत सिरा हे हॉटेल व्यवसायाचं प्रदर्शन भरतं, त्या दिवसांत चांगली टेबलं महिनाभर आधीच गेलेली असतात. आणि ८ डिसेंबरच्या आसपास दिव्यांचा उत्सव. तेव्हा प्रेस्किल (दोन नद्यांमधला शहराचा मध्यभाग) आणि जुन्या शहरात पायी चालणंही कठीण होतं, बरीच ठिकाणं फक्त महागडा ठरलेला मेन्यू लावतात आणि शाकाहारी बदल ऐकूनही घेत नाहीत. आईवडील तेव्हा असतील तर साडेसहालाच पार-द्योच्या बाजूला किंवा व्हिलरबानमध्ये जेवून घ्या आणि मग रोषणाई बघायला निघा.