पुळणीवरच्या घोड्याबद्दल

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

पैदाशीसाठी घ्यायचा म्हणतोस त्या घोड्याचे तू पाठवलेले तिन्ही व्हिडिओ पाहिले. घोडा देखणा आहे, यात वाद नाही. पण तिन्ही व्हिडिओ काशीदच्या पुळणीवर काढलेत, आणि भरतीच्या ओल्या वाळूवर दुडकत येणारा कुठलाही थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचा घोडा, देखणाच दिसतो. पाऊल आत वळतं की बाहेर, एखाद्या पायावर तो भार चोरतो का, हे वाळूत कळत नाही. मालकाच्या फार्महाऊसला चिऱ्याचं फरसबंद अंगण असेलच. तिथे त्याला नुसता चालव, पळवू नकोस. समोरून येताना, पाठमोरा जाताना आणि बाजूने, असं तिन्ही बाजूंनी चित्रण करून पाठव. शरीर सगळ्यात जास्त बोलतं ते चालीत.

तू लिहितोस की मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर दोन शर्यती जिंकून तो पायामुळे थांबला, आता चार वर्षांचा आहे, मालक स्वस्तात द्यायला तयार आहे आणि तुला अलिबागजवळच्या नागावच्या वाडीत त्याला स्टॅलियन, म्हणजे पैदाशीचा घोडा, म्हणून ठेवायचंय. पत्रात बापाचं नाव दोनदा आलंय. आईचं एकदाही नाही. मी सुरुवात तिथूनच करेन.

नावाजलेल्या स्टॅलियनची वर्षाला डझनांनी शिंगरं जन्मतात. त्यात दोन-चार चमकली की जाहिरातीत तीच छापतात, बाकीची कुठे गेली हे कोणी विचारत नाही. घोडी वर्षाला एकच शिंगरू देते, उभ्या आयुष्यात साधारण दहा-बारा. तिच्या यादीत लपायला जागा नसते. म्हणून या घोड्याच्या आईची सगळी पिल्लं कागदावर मांड. किती शर्यतीपर्यंत पोचली, किती जिंकली, कोणत्या वर्गात, आणि किती जणांचे पाय तिसऱ्या वर्षाच्या आतच गेले? वेगवेगळ्या बापांपासून झालेली तीन-चार भावंडं बऱ्या वर्गात टिकून पळाली असतील, तर त्या आईत काहीतरी आहे आणि ते या घोड्यातही उतरलं असण्याची शक्यता आहे. बाकी सगळी रिकामी आणि हा एकटाच जिंकलेला असेल, तर त्याचं कौतुक करावं, पण त्याच्यापासून पैदास करू नये. मग आजीकडे जा. पणजीच्या पलीकडे मी फारसं पाहत नाही. सातव्या पिढीतल्या पूर्वजाचं नाव सांगून घोडा विकणारे पुष्कळ भेटतात, त्यांच्याकडे चहा प्यावा आणि उठावं.

त्याच्या स्वतःच्या शर्यतींचं वजन किती धरायचं? धरायचंच, पण बेताने. सेक्रेटेरिअट या घोड्याने १९७३ साली अमेरिकेचा तिहेरी मुकुट, म्हणजे तीन मोठ्या शर्यती, जिंकला, त्यातली बेलमाँटची तर ३१ घोडे-लांबींनी. त्याच्या मुलग्यांनी त्या मानाने निराशाच केली. मुली मात्र सोन्याच्या निघाल्या: स्टॉर्म कॅट आणि ए. पी. इंडी हे दोन मोठे सायर (पैदाशीतले बाप-घोडे) त्याच्या मुलींच्या पोटचे. सिगार लागोपाठ १६ शर्यती जिंकला आणि स्टडवर, म्हणजे पैदाशीच्या तबेल्यावर, गेल्यावर वांझ निघाला. उलट डान्झिग गुडघ्यामुळे तीनच शर्यती पळला, तिन्ही जिंकला, आणि पुढे १९९१ ते १९९३ अशी सलग तीन वर्षं उत्तर अमेरिकेचा पहिल्या क्रमांकाचा सायर ठरला. आपल्याकडचं उदाहरण रझीनचं. १९९० च्या इंग्लंडमधल्या एप्सम डर्बीत सगळ्यात जास्त पैसा त्याच्यावर होता आणि तो पार मागे राहिला. भारतात आल्यावर त्याच रझीनने कित्येक हंगाम सायरांच्या यादीत वरचं स्थान धरलं. पण डान्झिग आणि रझीन दोघेही नॉर्दर्न डान्सर या विख्यात स्टॅलियनचे मुलगे होते, हे विसरू नकोस. थोडं पळून थांबलेल्या घोड्याला घराण्याचं इतकं पाठबळ असेल, तरच त्याच्यावर डाव लावता येतो.

तेव्हा दोन विजय मोजू नकोस. ते कुणाला हरवून मिळवले ते बघ. त्याने हरवलेले घोडे पुढे काय करून गेले? कोणत्या अंतरावर, किती वजन घेऊन, शेवटच्या दोनशे मीटरमध्ये त्याने वेग वाढवला की इतर थकले म्हणून तो पुढे दिसला? शर्यतींचे जुने व्हिडिओ मिळतात, ते शांतपणे चार वेळा बघ.

आता पाय. तो कशामुळे थांबला, हे मालकाच्या तोंडून ऐकू नकोस, एक्स-रे माग. सरळ पाय असलेला घोडा ठेचकाळून जायबंदी झाला तर ते त्याचं नशीब, पिल्लांना त्याची बाधा नाही. पण गुडघा बाजूने पाहताना मागे झुकलेला असेल, आणि म्हणूनच तो मोडला असेल, तर तो दोष तू पुढच्या पिढीला फी घेऊन वाटणार आहेस. पहिल्या व्हिडिओत मला उजव्या गुडघ्याची शंका आली, म्हणूनच अंगणातलं चित्रण मागतोय. श्वासाचंही तसंच. जोरात पळवल्यावर घशातून शिट्टीसारखा आवाज येतो का, ते मोतद्दाराला, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्याला, विचार, तो खरं सांगेल. दोन्ही अंड खाली उतरलेले हवेत. उंचीची मात्र फार चिंता नको. नॉर्दर्न डान्सर इतका ठेंगणा होता की विक्रीला ठेवला तेव्हा २५,००० डॉलरलाही त्याला कोणी उचललं नाही. देवमण, भोवरे, पंचकल्याणी या शुभाशुभ खुणा घोडेवाल्यांच्या गप्पांपुरत्या ठीक आहेत.

स्वभाव बघायचा तर दाण्याच्या वेळेला, त्याच्या मोतद्दाराबरोबर. तापट असणं वेगळं आणि दुष्ट असणं वेगळं. आणखी एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. शर्यतीच्या तबेल्यात कोल्टने, म्हणजे तरुण नराने, घोडीकडे नुसती मान वळवली तरी त्याला झटका बसतो. असा घोडा स्टडवर आल्यावर घोडीपुढे बुजतो. त्याला पहिल्यांदा शांत, अनुभवी घोडी दाखवावी लागते, आणि आरडाओरडा न करणारा माणूस लागतो.

आता तू न विचारलेला, पण माझ्या मते सगळ्यात मोठा प्रश्न: याच्याकडे घोड्या कोणत्या येणार? स्टॅलियनची किंमत एकट्याने ठरत नाही. पुण्याच्या बाजूला जुने, नावाजलेले स्टड आहेत. तिथल्या चांगल्या घोड्या दोन शर्यती जिंकलेल्या घोड्यासाठी घाट उतरून नागावला येणार नाहीत. थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतन चालत नाही. घोडी घोड्यापाशी न्यावीच लागते, नाहीतर शिंगराची नोंद होत नाही. म्हणजे तुझ्या वाट्याला इतरांनी काढून टाकलेल्या घोड्या येतील, त्यांची पिल्लं साधारण निघतील, आणि दोष घोड्याच्या नावावर जाईल. पुळणीवर पर्यटकांना फिरवणाऱ्यांच्या घोड्या भरवायचा तुझा दुसरा विचार तर सोडूनच दे. त्या संकराची नोंद पुण्याच्या स्टड बुक अथॉरिटीकडे थरोब्रेड म्हणून होणार नाही, आणि अशा रक्ताचं भडकू शिंगरू सहलीच्या पोरांना पाठीवर बसवायच्या कामाचं नाही.

शिवाय आपली किनारपट्टी. चौलच्या बंदरात शतकानुशतकं अरबस्तान-इराणकडचे घोडे उतरले. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन इथेच उतरला आणि जुन्नरला गेला, तिथल्या खानाने तो घोडा काढून घेतला, मोठ्या मिनतवारीने परत मिळाला. पण जहाजातून उतरलेले हे घोडे घाट चढून वर जायचे. पैदाशीसाठी इथे फारसे कोणी ठेवले नसावेत, आणि त्याला कारणं आहेत. आपली जांभ्याची माती आम्लधर्मी, चुना कमी असलेली. त्यात भाताचा पेंढा आणि कोंडा खायला घातला तर फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम तोकडं. वाढत्या शिंगराची हाडं ठिसूळ होतात, जबडा सुजतो. अडीच-तीन हजार मिलिमीटर पावसात खुराचे तळवे कुजतात, पाऊस ओसरला की गोमाशा येतात आणि गुरांमधला सर्रा हा रक्ताचा रोग घोड्यांत आणतात. दमट उकाड्यात काही थरोब्रेडांचा तर घामच आटतो. मग असा घोडा धापा टाकतो, सावलीत उभा असला तरी. चुनखडी, लसूणघास आणि वरून मागवलेलं कोरडं गवत घालून तू हे काही अंशी सांभाळशील. पण इथे वाढलेलं शिंगरू अपयशी ठरलं तर दोष बापाचा की मातीचा, हे तुलाच सांगता येणार नाही. स्टॅलियन पारखायला निघालेल्या माणसाने हा गोंधळ विकत का घ्यावा?

काळाचाही हिशेब घाल. २०२७ च्या हंगामात त्याने घोड्या भरल्या तर अकरा महिन्यांनी, २०२८ मध्ये, पहिली शिंगरं. ती २०३० मध्ये दोन वर्षांची होऊन जेमतेम पळू लागतील, २०३१ मध्ये खरी पारख सुरू होईल. इंडियन डर्बी चार वर्षांच्या घोड्यांची, म्हणजे त्याचं पिल्लू तिथे उभं राहिलंच तर २०३२ मध्ये. तोवर चंदी, नालबंद, मोतद्दाराचा पगार, डॉक्टर. तुझ्या वाडीतल्या सुपाऱ्या किती वर्षं एवढं पोसतील?

माझं मत विचारशील तर असं: आईची यादी भक्कम निघाली आणि गुडघा निर्दोष ठरला, तर घोडा तू एकट्याने घेऊ नकोस. मालकाला त्यात हिस्सा ठेवायला लाव, आणि घोडा घाटावरच्या एखाद्या छोट्या स्टडवर ठेवा. पहिल्या दोन हंगामांत आपल्या खर्चाने पाच-सहा बऱ्या घोड्या त्याला द्या, कारण परके लोक पहिल्याच वर्षी चांगली घोडी देणार नाहीत. घोड्या निवडताना त्याची उणीव भरून काढतील अशा निवडा. तो नुसता वेगाचा असेल तर दमाच्या घराण्यातल्या. यादी कच्ची निघाली तर खच्ची करून घे आणि सवारीला ठेव. गेल्डिंग म्हणून तो तुला पुष्कळ वर्षं आनंद देईल, आणि त्यात कमीपणा काही नाही.

वीर्यतपासणी मात्र कुठल्याही परिस्थितीत करून घ्यायची, आणि ती लगेच नाही. शर्यतीच्या दिवसांत त्याला ताकदीची इंजेक्शनं दिली असतील किंवा मधे ताप येऊन गेला असेल, तर वीर्याचा दर्जा घसरतो. नवं वीर्य तयार होऊन बाहेर यायला साधारण दोन महिने लागतात. तेवढी विश्रांती देऊन, अनुभवी पशुवैद्याकडून, दोन वेगवेगळ्या दिवशी नमुने घे. मालक घाई करेल, दुसरं गिऱ्हाईक आहे म्हणेल. म्हणू दे. अहवाल हातात येईपर्यंत विसाराचा एक रुपयाही द्यायचा नाही.

आईला नमस्कार सांग.

तुझा,
डॉक्टरकाका