दिवाळी सेलमध्ये राउटर आणि हार्ड डिस्क घेताना

हवं ते मॉडेल आत्ताच ठरव आणि आजची किंमत लिहून ठेव. खोडलेल्या एमआरपीकडे बघूच नकोस, ती शोभेला असते.

राउटरवरच्या मोठ्या आकड्यांनाही भुलू नकोस. 'एसी १२००' म्हणजे वायफायच्या दोन वेगळ्या बँडची, २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७ एमबीपीएस यांची, गोळाबेरीज. एकाच मोबाइलला तेवढा वेग मिळत नाही. खरी मेख मागच्या बाजूला असते. स्वस्तातल्या बऱ्याच राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात. घरी ३०० एमबीपीएसचा प्लॅन असेल तर उरलेल्या वेगाचे पैसे दर महिन्याला पाण्यात. स्पेसिफिकेशनमध्ये 'गिगाबिट पोर्ट' (१००० एमबीपीएसचा) दिसलं तरच पुढे जा. (आणि शेवटी टीव्हीच्या मागेच कोंबणार असशील तर महागडा घेऊन काय उपयोग?)

नॅससाठी (घरच्या नेटवर्कला जोडलेल्या स्टोरेज-पेटीसाठी) डिस्क घेतोयस तर ती सीएमआर (डेटाचे पट्टे शेजारी-शेजारी लिहिणारी) आहे का ते कंपनीच्या डेटाशीटमध्ये बघ. एसएमआर (पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहिणारी) डिस्क रेड रीबिल्डच्या वेळी, म्हणजे डिस्कच्या संचातली एक बिघडल्यावर नवीवर डेटा पुन्हा भरताना, फार रखडते. नुसत्या बॅकअपला मात्र ती चालते. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, ती फसवणूक नव्हे. पाचशे रुपयांत २ टीबीचा पेनड्राइव्ह, तो मात्र बनावटच समज.

वॉरंटी भारतात चालते का ते विचार, आणि खोकं उघडताना व्हिडिओ काढ.