2147483647 ही संख्या कॉम्प्युटरमध्ये सारखी का दिसते आणि ती मूळ संख्या आहे हे जुन्या काळी हातानं कसं तपासलं?

भाऊ, माझी या आकड्याशी ओळख कापसामुळं झाली. आमच्याकडं यवतमाळ जिल्ह्यात एका व्यापाऱ्याच्या काट्यावर सीझनला मी हिशोब पाहायचो, त्याच्यासाठी सी या प्रोग्रामिंग भाषेत एक छोटा प्रोग्राम मीच लिहिला होता अन् पॉइंटची कटकट नको म्हणून सगळे चुकारे रुपयात न ठेवता पैशात ठेवले. जानेवारीपर्यंत मस्त चाललं. मग एका संध्याकाळी शेवटची काटापट्टी टाकली तर एकूण चुकारा वजा दोन कोटी चौदा लाख! दिवाणजी म्हणे, "काय रे बावा, आता शेतकरीच आपल्याले पैसे देते काय?"

चूक माझीच. सी मधला साधा इंट, म्हणजे पूर्ण आकडा ठेवायचा कप्पा, 32 बिटचा (0 किंवा 1 च्या 32 जागांचा) राहतो, त्यातला एक बिट अधिक-वजासाठी जातो, उरले 31, म्हणून सगळ्यात मोठा आकडा 2 चा 31 वा घात वजा 1, म्हणजे हाच 2147483647. पैशात धरला तर 2 कोटी 14 लाख 74 हजार 836 रुपये 47 पैसे, त्याच्यावर गेलं की गाडी उलटी फिरते. इंटचं लाँग लाँग, म्हणजे 64 बिटचा मोठा कप्पा केला, झालं.

पण ती मूळ आहे, म्हणजे 1 आणि स्वतः सोडून तिला कशानंच भाग जात नाही, याचं कॉम्प्युटरला काही घेणंदेणं नाही, तो निव्वळ योगायोग. 64 बिटची मर्यादा, म्हणजे 2 चा 63 वा घात वजा 1, तिला सरळ 7 नं भाग जातो.

आता हातानं तपासायचं. हे 1772 मध्ये ऑयलर या स्विस गणितज्ञानं केलं. वर्गमूळ 46340 च्या थोडं वर येते, म्हणजे आडदांडपणे करायचं तर तिथपर्यंतच्या साडेचार हजारांवर मूळ संख्यांनी भागत बसा. पण इथं एक गंमत आहे. 31 च्या जागी घातांक 11 घ्या, 2 चा 11 वा घात वजा 1 म्हणजे 2047 येते, ती मूळ नाही, 23 गुणिले 89 आहे, आणि या दोघांनाही 22 नं भागलं की बाकी 1 उरते. घातांक विषम मूळ असला की अशा संख्येच्या प्रत्येक मूळ भाजकाला घातांकाच्या दुपटीनं भागल्यावर बाकी 1 च उरते, आणि 8 नं भागलं तर 1 किंवा 7. आपल्या केसमध्ये घातांक 31, दुप्पट 62, दोन्ही अटी जोडल्या तर भाजकाला 248 नं भागून बाकी 1 किंवा 63 च पाहिजे. असे आकडे 46340 पर्यंत, स्वतः 63 सोडून, 372 च भरतात, त्यातलेही कितीतरी मूळ नाहीत म्हणून आपोआप गळतात. उरलेल्यांपैकी एकानंही भाग जात नाही, विषय संपला.

पुढं कित्येक वर्षं हीच माहीत असलेली सगळ्यात मोठी मूळ संख्या होती (आता 2024 मध्ये सापडलेलीचे अंकच 4 कोटी 10 लाखांवर आहेत).

मी ते 372 भागाकार मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करायला घेतले होते, लाइट गेली होती अन् दुसरं काही काम नव्हतं. साठ-सत्तर झाले असतील, मग लाइट आली.