फिनलंडची युद्धबालके स्वीडनहून परतली, तेव्हा घरे पूर्ववत झाली का?

दुसऱ्या महायुद्धात फिनलंडमधील आईवडिलांनी स्वीडनला पाठवलेली मुले परतल्यावर ती कुटुंबे पूर्वीसारखी झाली का, आणि मुळात मुलांना पाठवणे चूक होते का, असे तुम्ही विचारले आहे. मी स्वीडनमध्ये राहते आणि या विषयावर बरेच वाचत आले आहे. त्यावरून माझे मत असे झाले आहे की यांतील असंख्य मुलांची ताटातूट दोनदा झाली, आणि घरी परतण्याच्या वेळी झालेली दुसरी ताटातूट अनेकांना अधिक जिव्हारी लागली.

सोव्हिएत संघाने ३० नोव्हेंबर १९३९ रोजी फिनलंडवर हल्ला केला आणि डिसेंबरातच मुलांच्या पहिल्या तुकड्या निघाल्या. १९४१ ते १९४४ या काळात सोव्हिएत संघाशी पुन्हा झालेल्या युद्धात ही संख्या खूप वाढली. त्यामागे केवळ बॉम्बहल्ल्यांची भीती नव्हती. फिनलंडच्या पूर्व सीमेवरच्या कारेलिया प्रदेशातील ४ लाखांहून अधिक लोकांची घरेदारे गेली होती, वडील आघाडीवर होते, घराबाहेरच्या कामाचा सारा भार आयांवर पडला होता, अन्नाची टंचाई होती आणि मुले आजारी पडत होती. सुमारे ७०,००० मुले देशाबाहेर गेली आणि त्यांतील बहुसंख्य स्वीडनमध्ये राहिली. गळ्यात नावाची चिठ्ठी अडकवून, दोन-तीन वर्षांच्या मुलांनाही आगगाडीत किंवा बोटीत बसवून दिले जाई. स्वीडनमधील कुटुंबे बहुधा एकेकच मूल घेत असल्यामुळे एकत्र निघालेली भावंडे अनेकदा वेगवेगळ्या गावी गेली, आणि ज्या वयात मोठ्या बहिणीचा हात हाच काय तो ओळखीचा आधार असतो, त्या वयात तोही सुटला.

फिनिश आणि स्वीडिश या भाषा मराठी आणि तमिळइतक्याच वेगळ्या कुळांतील आहेत. बहुसंख्य मुले फिनिशभाषक घरांतून आलेली होती, आणि त्यांतील लहान मुले मायबोली फार लवकर विसरली. आईचे पत्र आले तरी ते वाचून दाखवणारे घरात कोणी नसे. परत कधी जायचे हे ठाऊक नसलेले मूल शेवटी समोरच्या बाईलाच आई म्हणू लागते, आणि त्यात त्या मुलाचा किंवा त्या बाईचा काही दोष आहे असे मला वाटत नाही.

युद्ध संपल्यावर हीच मुले पुन्हा गाडीत बसवली गेली. स्थानकावर उतरून घ्यायला आलेली स्त्री त्यांच्या दृष्टीने अनोळखी होती आणि तिचे बोलणे त्यांना कळत नव्हते. घरी वडील नव्हते, किंवा जखमी होऊन आले होते. जागा अपुरी होती आणि जेवण बेताचे होते. मुले स्वीडनच्या घरासाठी रडत, आणि जिने काळजावर दगड ठेवून त्यांना पाठवले होते त्या आईला ते ऐकावे लागे. हजारो मुले स्वीडनमध्येच राहिली किंवा पुढे तिकडे परतली, काही दत्तकही गेली. या साऱ्याबद्दल घरांत फार काळ बोलले गेले नाही. युद्धकाळात या मोहिमेवर उघड टीका होऊ नये यासाठी वृत्तपत्रांवर बंधने होती. आणि नंतर, ज्यांना सुरक्षित जागा आणि पोटभर अन्न मिळाले त्यांनी तक्रार कशी करावी, हा संकोच आड आला.

‘चूक होते का’ या प्रश्नासाठी एक संशोधन महत्त्वाचे वाटते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्वीडनला गेलेल्या मुलांची तुलना घरीच राहिलेल्या त्यांच्या सख्ख्या भावंडांशी केली गेली. मानसिक आजारामुळे रुग्णालयात दाखल होण्याच्या प्रमाणात एकंदरीत फरक दिसला नाही, परंतु स्वीडनला गेलेल्या मुलींमध्ये नैराश्यासारख्या विकारांचे प्रमाण जास्त आढळले. आणि २०१७ च्या पुढच्या अभ्यासात अशा स्त्रियांच्या मुलींमध्येही ते जास्त दिसले, मुलग्यांमध्ये मात्र दिसले नाही.

म्हणून सरसकट चूक होती असे मी म्हणणार नाही. आजारी मुलाला उपचार मिळणार असतील, किंवा फेब्रुवारी १९४४ मधील हेलसिंकीवरच्या बॉम्बवर्षावासारखे संकट डोक्यावर असेल, तर त्या आईसमोर दुसरा मार्ग कोणता होता? मात्र जिथे प्रश्न मुख्यतः अन्नाचा आणि कपड्यांचा होता, तिथे ती मदत फिनलंडमध्येच पोहोचवावी असे म्हणणारे लोक त्या वेळीही होते, आणि त्यांचे म्हणणे अधिक ऐकले जायला हवे होते, असे मला ठामपणे वाटते.