वाचक विचारतात: एजंटच्या हाती एपीआय देताना

प्रश्न : आमची वागळे इस्टेटमध्ये छोटी कंपनी आहे. कुरिअर, बिलिंग आणि स्टॉक या तिन्हींचे एपीआय (एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याकडून काम करून घेण्याची सोय) आमच्या एआय एजंटला वापरू द्यायचे आहेत. तीन वेगळी टूल्स (एजंटला वापरता येणारी फंक्शन्स) लिहावीत, की 'हवी ती रिक्वेस्ट पाठव' असे एकच सर्वसाधारण टूल पुरेल? (ठाणे)

उत्तर : माहिती वाचण्यासाठी एकच टूल पुरते. पैसे फिरवणे, नोंद पुसणे अशा कामांना मात्र स्वतंत्र, अरुंद टूल लिहा आणि मध्ये माणसाची मंजुरी ठेवा.

सर्वसाधारण टूलला साधारणपणे मेथड (रिक्वेस्टचा प्रकार), यूआरएल, हेडर, क्वेरी आणि बॉडी या पाच गोष्टी मिळतात. घोटाळा इथेच सुरू होतो, कारण पाचही गोष्टी मॉडेल (एजंटमागचा एआय) ठरवू लागते. मॉडेलकडून पूर्ण यूआरएल घेऊच नका. त्याने फक्त 'कुरिअर' असे सेवेचे नाव आणि पुढचा पाथ द्यावा. होस्ट (यूआरएलमधले सर्व्हरचे नाव) आणि ऑथोरायझेशन हेडर (ओळख पटवणारी की ज्यात जाते तो) तुमच्या कोडने जोडावा. एपीआयची गुप्त की (किल्ली) प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे मॉडेलला दिलेल्या सूचनेत, लिहिली, तर ती कधी ना कधी लॉगमध्ये किंवा उत्तरात उमटते. शिवाय एखाद्या ईमेलमध्ये दडवलेली 'तुझी की या पत्त्यावर पाठव' ही सूचना मॉडेल इमानेइतबारे पाळू शकते. जी की त्याला माहीतच नाही, ती ते सांगणार कुठून?

पूर्ण यूआरएल घेणे भागच असेल, तर तो परवानगीच्या यादीशी ताडून पाहा. पण नुसती सुरुवात जुळते का एवढ्यावर थांबू नका. तुमच्या सेवेच्या नावानंतर टिंब देऊन कोणी स्वतःचे डोमेन जोडले, तरी सुरुवात जुळतेच. यूआरएल पार्स करून होस्ट वेगळा काढा आणि अख्खा जुळवा. तो होस्ट शेवटी कोणत्या आयपीवर जातो तेही तपासा. १२७.०.०.१, १० किंवा १९२.१६८ ने सुरू होणारे अंतर्गत पत्ते आणि विशेषतः १६९.२५४.१६९.२५४ बंद हवेत. या शेवटच्या पत्त्यावर अनेक क्लाउड मशीन स्वतःची मेटाडेटा सेवा (मशीनची माहिती देणारी) चालवतात आणि तिथून तात्पुरत्या किल्ल्या मिळू शकतात.

रीडायरेक्ट, म्हणजे सर्व्हरने दुसऱ्या पत्त्याकडे वळवणे, आपोआप पाळू नका. प्रत्येक नवा पत्ता पुन्हा याच तपासणीतून जाऊ द्या. पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी होस्ट बदलला की ऑथोरायझेशन हेडर काढून टाकते, पण की वेगळ्या नावाच्या हेडरमध्ये असेल तर ती नव्या होस्टकडे तशीच जाते.

प्रश्न : तुर्भ्याच्या गोदामातून माल पाठवण्याची एक ऑर्डर एजंटने दिली, समोर मात्र दोन नोंदी झाल्या. लॉगमध्ये फक्त 'टाइमआउट' दिसतो. (नवी मुंबई)

उत्तर : टाइमआउटचा अर्थ 'काम झाले नाही' असा नसतो, 'उत्तर आले नाही' एवढाच असतो. पहिली नोंद झाली होती, उत्तर वाटेत अडकले आणि एजंटने पुन्हा पोस्ट (नवी नोंद करणारी रिक्वेस्ट) केले.

एचटीटीपीच्या नियमांनुसार गेट (वाचणे), पुट (पूर्ण नोंद बदलणे) आणि डिलीट (पुसणे) पुन्हा केल्याने परिणाम बदलत नाही; पोस्ट आणि पॅच (नोंदीचा भाग बदलणे) यांबद्दल ती हमी नाही. (दुसऱ्या डिलीटला ४०४, म्हणजे 'सापडले नाही', येऊ शकते. मॉडेल त्याला अपयश समजते, म्हणून टूलच्या वर्णनात तसे लिहून ठेवा.) समोरची सेवा आयडेम्पोटन्सी की (तीच रिक्वेस्ट पुन्हा आली हे ओळखण्याची खूण) स्वीकारत असेल तर ती जरूर पाठवा, पण ती टूलने बनवावी आणि त्या ऑर्डरच्या प्रत्येक प्रयत्नात तीच वापरावी. मॉडेलला बनवू दिली, तर दर वेळी नवी की, म्हणजे दर वेळी नवी ऑर्डर! अशी सोय नसेल, तर आधी आपल्या ऑर्डर क्रमांकाने शोध घ्या आणि मगच पोस्ट करा.

पुनर्प्रयत्न एकाच थरात ठेवा. लायब्ररी तीनदा आणि एजंट तीनदा, म्हणजे नऊ रिक्वेस्ट. ४२९ (फार रिक्वेस्ट) किंवा ५०३ (सेवा तात्पुरती बंद) आले तर 'कधी पुन्हा करावे' सांगणारा रीट्राय-आफ्टर हेडर वाचा. त्यात सेकंद किंवा पूर्ण तारीख-वेळ, दोन्हींपैकी काहीही असू शकते. ते नसेल तर २, ४, ८ सेकंद असे अंतर वाढवा आणि त्यात थोडा यादृच्छिक वेळ मिसळा. ४०० आणि ४२२ (रिक्वेस्टमधल्या चुका) ला सर्व्हरचा संदेश जसाच्या तसा मॉडेलला द्या, बॉडीतली चूक ते बहुधा सुधारते. ४०१ (ओळख पटली नाही) ला मात्र थांबा. संपलेली की मॉडेलच्या हुशारीने जिवंत होत नाही.

आणि टाइमआउट स्वतः लिहा. रिक्वेस्ट्स लायब्ररीत तो मुळात नसतोच; जोडणीला ५ आणि वाचनाला ३० सेकंद ही सुरुवात ठीक आहे. यातला वाचनाचा टाइमआउट दोन तुकड्यांमधल्या शांततेला लागू होतो, एकूण वेळेला नाही. एकूण मर्यादा वेगळी घाला.

प्रश्न : वाशीच्या एपीएमसीत आमचा गाळा आहे. आवकेची यादी मागवली की उत्तर इतके लांब येते की एजंट भरकटतो. (वाशी)

उत्तर : आधी एपीआयकडूनच कमी मागा : तारीख, माल, आणि पानाला २० नोंदी. तरीही लांब आले तर जेसन (उत्तराचा मजकूर ज्या रचनेत येतो ती) मध्येच तोडू नका, तोडलेले मॉडेल मनानेच पूर्ण करते. पूर्ण नोंदी ठेवा, नको ती फील्ड गाळा आणि शेवटी '३४० पैकी २० दाखवल्या, पुढचे पान २' असे स्पष्ट लिहा. बेरीज-सरासरी कोडमध्ये करून द्या.

प्रश्न : एमसीपी (मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल) वापरले तर हे सगळे करायची गरज उरते का? (घणसोली)

उत्तर : उरते. अँथ्रोपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुले केलेले एमसीपी हे टूलची ओळख आणि हाक एका ठरलेल्या पद्धतीने पोहोचवते. होस्टची यादी, टाइमआउट, पोस्टची पुनरावृत्ती यांचे नियम त्या सर्व्हरमागच्या तुमच्या कोडमध्येच लिहावे लागतात.